साधी नव्हे, जबर

माझ्या उजव्या खांद्याला एक कलम आहे. तीनशे पंचवीस. आमच्या वयाच्या बायका हातावर नवऱ्याचं नाव गोंदवून घ्यायच्या. मी हे कलम मिळवलं, आणि ते काही फुकट मिळालं नाही. आजही थंडी पडली की खांदा ठणकतो. सुना म्हणतात, शेक द्या. मी म्हणते, ठणकू दे, त्यानं माझं बरंच काम केलंय.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. पेंड महाग, कडबा महाग. माझे मालक मिलिटरीत, पार वरच्या बॉर्डरला. कोल्हापुरात पेठेतल्या घरी मी, सासू आणि धाकटा दीर. सासूला आमच्यात आत्ती म्हणतात. घरामागं गोठा आणि गोठ्यात चार म्हशी. मी मॅट्रिक झालेली, पण शेणात हात घालायला मला कधी कमीपणा वाटला नाही. सकाळ-संध्याकाळ म्हशी चौकातल्या कट्ट्यावर न्यायच्या. गिऱ्हाईक लोटा घेऊन उभं असायचं. त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट दूध त्याच्या लोट्यात ओतायचं. कोल्हापूरचं माणूस दूधवाल्यावर विश्वास ठेवत नाही, म्हशीवर ठेवतं.

दीर पैलवान होता. म्हणजे तालमीत जायचा, मेहनत करायचा, खायचा. कुस्ती मारल्याचं फारसं कुणी बघितलं नव्हतं. आत्ती रोज सकाळी पहिल्या म्हशीचं पहिलं दूध त्याच्या पितळी लोट्यात भरून गोठ्याच्या भिंतीवर ठेवायच्या. तो यायचा, उभ्यानं प्यायचा, मिशी पुसून निघून जायचा. लोटा धुवायचं काम माझं.

त्याच्या डोक्यात गॅरेज घुसलं होतं. कुठला तरी दोस्त स्कूटरी दुरुस्त करणारा, त्याच्या भागीत गोठ्याच्या जागी गॅरेज काढायचं. म्हशी विकायच्या. मी म्हटलं, "भावजी, मालक सुट्टीवर येऊ देत, मग बोला." तो म्हणाला, "मालक काय म्हशी राखतोय व्हय? मी हितं हाय." मी म्हटलं, "म्हशी मी राखतीया. त्या जाणार न्हाईत." एवढं सरळ बोलणं त्याला सोसलं नाही.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. आत्ती आदल्या दिवशी नृसिंहवाडीला जाऊन आल्या होत्या. दर पुनवेला त्या वाडीला जायच्या, दत्ताचं दर्शन घ्यायच्या आणि येताना कवठाची बर्फी आणायच्या. ती बर्फी तोंडात टाकूनच मी म्हशी घेऊन कट्ट्यावर गेले होते. धार काढून उठते तोवर दीर आला, बरोबर एक परका माणूस. दिरानं थोरल्या म्हशीच्या दाव्याला हात घातला आणि म्हणाला, "ही गेली. पावण्यांनी घेतली." मी दावं धरलं. "सोड," म्हणाला. मी म्हटलं, "न्हाय सोडत."

पहिल्यांदा थोबाडीत बसली. चौकात, लोटे घेऊन उभ्या असलेल्या माणसांसमोर, माझ्याच गिऱ्हाइकांसमोर. डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण दावं सुटलं नाही. मग त्यानं माझा हात पिरगाळून मागं घेतला आणि वर उचलला, तालमीत उचलतात तसा. खांद्यात काहीतरी सरकलं. मी ओरडले की नाही ते मला आठवत नाही. म्हैस मात्र हंबरली, आणि तो परका माणूस पळाला. सौदा तिथंच मोडला.

आता इथं आमच्या गावाची एक खोड सांगायला पाहिजे. कोल्हापुरात हाड सरकलं, सांधा निखळला, पाय मुरगळला की माणूस आधी दवाखान्यात जात नाही, तालमीत जातो. वस्ताद बसवतात. बापजाद्यांपासून तेच. मलाही चौघांनी धरलं आणि तालमीकडं नेलं. दवाखान्याचं नाव कुणाच्या तोंडात आलं नाही, माझ्याही नाही. तालमीत बाईमाणूस आत जात नाही, म्हणून वस्ताद बाहेर पायरीवर आले. माझ्या काखेत टाच लावली, मनगट धरलं आणि म्हणाले, "लेकी, तिकडं बघ, कबुतरं किती बसल्यात बघ." मी कबुतरांकडं बघितलं आणि त्यांनी ओढलं. एकदम आत गेला खांदा. हायसं वाटलं म्हणजे किती वाटलं! त्यांनी आपल्या फेट्याच्या पट्ट्यानं हात गळ्यात बांधला आणि विचारलं, "कशानं झालं?" मी दिराचं नाव घेतलं. वस्ताद गाठ आवळून उठले. पठ्ठ्या त्यांचाच होता.

दुपारी मी पोलीस चौकीवर गेले. एकटीच गेले. आत्तींनी "कुठं निघालीस" म्हणून विचारलं नाही.

हवालदार वयानं मोठे, बोलायला बरे. पान लावत होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "रगात आलं?"

"न्हाय."

"टाकं पडलं? दात पडला एखादा?"

"न्हाय."

"हत्यार काय व्हतं त्येच्या हातात?"

"हातच व्हता."

"हात हत्यार न्हाय हो बाई."

"पैलवानाचा हात हाय, सायेब."

ते हसले. मग पान तोंडात ठेवून त्यांनी मला कायद्याच्या पायऱ्या सांगितल्या. मला त्या तेव्हा जशा कळल्या तशा आजही तोंडपाठ आहेत. नुसता अंगावर हात उगारला, लागला नाही, तरी गुन्हा. त्याला म्हणायचं हमला. धरलं, ढकललं, ओढलं की बलप्रयोग. दुखलं की दुखापत. "हितपर्यंत सगळं साधं," ते म्हणाले. "साधं म्हंजे अदखलपात्र, एनसी. आमी नोंद करणार, तुमाला पावती देणार, आन् सांगणार कोर्टात जावा. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाबिगर आमाला फुडं जाता येत न्हाय. पर हाड मोडलं, सांधा निखळला, दात पडला, की झाली जबर दुखापत. मग मी हितनं उठतो आन् त्येला घिऊन येतो."

"सांधाच निखळला व्हता की," मी म्हटलं.

"मग डाक्तरनं तसं लिवाय पायजे." त्यांनी दवाखान्याच्या नावानं यादी, म्हणजे तपासून दाखला द्या अशी चिठ्ठी, लिहून दिली.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तरणा होता, पुण्याकडचा असावा. खांदा दाबून बघितला, एक्सरे काढला, काच उजेडाला धरली. "हाड मोडलेलं नाही. सांधा जागेवर आहे. सूज आहे, मुका मार आहे."

"आत्ता जाग्यावर हाय. सकाळी न्हवता."

"कुणी बसवला?"

"वस्तादांनी."

त्यानं काच खाली ठेवली. "ताई, तुम्ही आधी इथं आला असतात तर मी निखळलाय असं लिहिलं असतं. मी सकाळचा खांदा पाहिलेला नाही. जे पाहिलं तेवढंच लिहिणार." आणि त्यानं लिहिलं: साधी. मला त्याचा असा संताप आला म्हणता! पण घरी येताना वाटेत मीच मला म्हटलं, माणूस खोटं बोलला नाही. आमच्या वस्तादांनी इतकं नीट बसवलं होतं की पुरावाच बसवून टाकला होता.

वाटेत चौकीवर दाखला दिला, हवालदारांनी एनसीची पावती हातात ठेवली. घरी आले तर दीर भाकरी खात बसलेला. बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती. "एनसी म्हणं!" तो म्हणाला. "वैनी, त्यो कागद चुलीत घाला, च्या तरी उकळंल." आत्ती तवा उतरवत होत्या. त्यांच्यासमोरच तो पुढं म्हणाला, "म्हशी जाणारच. आन् फुडच्या येळंला डावा हात."

त्या एका वाक्यानं माझं ठरलं. तोवर मी नुसती चिडले होते. आता मला स्वच्छ दिसलं, की कायद्यानं याला 'साधं' म्हटलं तर हा परत येणार. गोठा जाईल, म्हशी जातील आणि मी या घरात मार खाऊन राहिलेली बाई होईन. मला त्याला आत घालायचं नव्हतं. मला तो एक शब्द पाहिजे होता, कोर्टाच्या तोंडून, सगळ्या पेठेनं ऐकावा असा. जबर.

आमचं एक गिऱ्हाईक वकील होते. म्हातारे, दम्याचे, रोज स्वतः लोटा घेऊन कट्ट्यावर यायचे. नेमके मार बसला त्या सकाळी आले नव्हते. त्यांची बैठक लाकडाच्या वखारीवर माडीला होती. मी गेले तर म्हणाले, "पोरी, दूध घरपोच द्यायला लागलीस काय?" मी हात दाखवला. मग त्यांनी जाड पुस्तक काढलं, चष्मा पुसला आणि जबर दुखापत कशाकशाला म्हणायचं ते मला मराठीत सांगत गेले. आठ प्रकार. पहिला पुरुषत्व जाणं.

"पयला?" मी म्हटलं.

"पहिला."

"डोळ्याच्या आदी?"

"डोळा दुसरा. कान तिसरा."

मला एवढ्या दुखण्यातही हसू फुटलं. कायदा लिहिणारा बाप्या होता, हे सांगायला नको. मग अवयव किंवा सांधा तुटणं, मग तो कायमचा निकामी होणं, मग डोकं-चेहरा कायमचा विद्रूप होणं. सातवं, हाड किंवा दात मोडणं, निखळणं.

"आन् थोबाडीत?" मी विचारलं.

"ती साधी."

"समद्या चौकासमोर मारली तरी?"

"अपमानाला वेगळं कलम आहे. पण तेही लहानच. कायदा हाड बघतो पोरी, तोंड नाही बघत."

मला रडू आलं. खांद्यासाठी एकदाही रडले नव्हते. ती थोबाडीत मला आजही खांद्यापेक्षा जास्त लागते, आणि तिला कुठल्याच पुस्तकात जागा नाही, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं. वकिलांनी मला रडू दिलं, खोकून घेतलं आणि म्हणाले, "अजून आठवं राहिलंय."

आठवं असं, की जिवावर बेतणारी दुखापत, नाहीतर जिच्यामुळं माणूस वीस दिवस तीव्र वेदनेत असतो, किंवा वीस दिवस आपला रोजचा उद्योग करू शकत नाही. "तुझा रोजचा उद्योग काय?" त्यांनी विचारलं.

"धार काढायचा."

"मग दोन दरवाजे आहेत. एक सातवा. वस्ताद कोर्टात येऊन म्हणाले, सांधा निखळला होता, मी बसवला, तर तो उघडेल. दुसरा आठवा. पोलीस नाही आले तरी आपण सरळ मॅजिस्ट्रेटपुढं फिर्याद घालू. मात्र हे सोपं नाही."

"सोप्पं कोण मागतंय?" मी म्हटलं. फिर्याद घातली.

हात किती दिवस गळ्यात राहिला ते मला कुणी सांगायला नको होतं. न्हाणीघरात पाणी अंगावर घेता येईना, लुगडं नेसता येईना, वेणी घालता येईना. मार बसला त्याच संध्याकाळी हट्टानं म्हशीखाली बसले. बोटं सडावर ठेवली आणि पिळायला गेले तर हात असा गळला की चरवी उलटली. दूध शेणात गेलं. आत्ती उठून आल्या. मला बाजूला केलं, खाली बसल्या, चरवी गुडघ्यांत धरली आणि धार काढायला लागल्या. त्या दिवसापासून चारही म्हशी, दोन्ही वेळा, त्याच. साठीच्या बाई. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं वाकडी, ती मुठीत यायचीच नाहीत, बाहेरच राहायची. तरुणपणी म्हशीनं लाथ मारली होती असं त्या सांगायच्या.

त्या माझी वेणीही घालायच्या. रोज सकाळी मला पुढ्यात बसवायच्या, फणी मारायच्या. त्या वाकड्या बोटांत केस अडकायचे. एक शब्द बोलायच्या नाहीत. खटल्याबद्दल चांगलं नाही, वाईट नाही. आणि माझी वेणी झाली की उठून दिराचा लोटा भरायच्या, भिंतीवर ठेवायच्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्या हातानं माझे केस विंचरले त्याच हातानं त्याला दूध! मी एकदा लोटा धुवायचं नाकारलं. त्यांनी मुकाट स्वतः धुतला.

आणि मी काय करत होते? मी कट्ट्यावर जाऊन उभी राहत होते. हात गळ्यात, डाव्या हातात दावं. आत्ती धार काढायच्या, मी उभी. गिऱ्हाईक तुटायला नको, आणि दिराला दिसायला पाहिजे की ही बाई घरात बसलेली नाही. माझा हा हट्ट मला पुढं नडायचा होता.

वस्तादांकडं दोनदा गेले. पायरीवर उभी राहिले. ते म्हणाले, "तू मला लेकीवानी हायस. पर त्यो माझा पठ्ठ्या हाय. माझ्या तोंडानं त्येला जेलात घालू व्हय?" मी म्हटलं, "तुमच्या हातानं खांदा बसवला न्हवं, मग तोंडानं सांगायला काय हुतंय?" ते आत निघून गेले.

खटला उभा राहायला पुढचं वर्ष उजाडलं. मालक एकदा सुट्टीवर आले, भावाशी बोलले नाहीत, मला म्हणाले, "तू म्हणशील तसं," आणि परत गेले. एवढं त्यांनी म्हटलं ते पुष्कळ झालं. पेठेतले लोक मात्र "घरातलं घरात मिटवा" म्हणून मला रस्त्यात अडवायचे. मी म्हणायची, "घरात न्हाय मारलं, चौकात मारलंय. चौकातच मिटवणार."

कोर्टात पहिली साक्ष चौकातल्या कल्हईवाल्या चाचांची झाली. त्यांची भट्टी कट्ट्याच्या कोपऱ्यावरच होती. त्यांनी सरळ सांगितलं, "हाँ, पिरगाळला. मी भट्टीपाशीच होतो. बाईनं दावं सोडलं न्हाय." त्यामुळं मारलं की नाही हा प्रश्न संपला. दिराच्या वकिलांनी तो धरलाही नाही. ते म्हणाले, घरगुती ढकलाढकली झाली, दुखापत साधी, डॉक्टरांचा दाखला साधीचा. आता सगळी मदार वस्तादांवर.

वस्ताद आले. स्वच्छ फेटा, कोट. शपथ घेतली. आमच्या वकिलांनी विचारलं, "या बाईचा खांदा निखळला होता का?"

वस्ताद खाली बघत म्हणाले, "रोज माणसं येत्यात. कुणाचं काय व्हतं, आता ध्येनात न्हाय."

मी उठून उभी राहिले. शिपायानं "बसा, बसा" केलं. माझ्याच काखेत टाच लावली होती त्या माणसानं, कबुतरं दाखवली होती! साक्ष संपवून ते बाहेर आले तेव्हा मी व्हरांड्यात त्यांची वाट अडवली. "वस्ताद," मी म्हटलं, "उद्यापास्नं तालमीचं दूध बंद." दुसऱ्या दिवशी पठ्ठे लोटे घेऊन कट्ट्यावर आले, मी त्यांना रिकामे परत लावले. पैशाचं नुकसान झालं ते झालं.

सातवा दरवाजा बंद झाला. वकील म्हणाले, "आता आठवा. वीस दिवस तू काम करू शकली नाहीस हे शाबित करायला पाहिजे." डॉक्टरांनी पुढच्या तपासणीला दिलेल्या दुसऱ्या कागदावर "हात अजून पूर्ण उचलत नाही" एवढंच होतं. आणि दिराच्या वकिलांनी एक गिऱ्हाईक साक्षीला आणलं, त्यानं शपथेवर सांगितलं की आठवड्याच्या आत मी कट्ट्यावर म्हशी घेऊन उभी होते. खोटं कुठं होतं ते? उभी होतेच की! माझ्याच हट्टाचा दोर माझ्या गळ्यात.

"धार कोण काढत होतं हे सांगणारं कोण आहे?" वकिलांनी विचारलं. कट्ट्यावर बघणारे पुष्कळ होते, पण रोज, दोन्ही वेळा, चारही म्हशी, हे सांगणारं माणूस एकच होतं. "आरोपीची आई," ते म्हणाले. "उलटली तर सगळं गेलं. विचार कर."

मी विचार करून घरी आले. आत्ती शेणी थापत होत्या. मी म्हटलं, "आत्ती, वकील साक्षीला तुमचं नाव देत्यात."

"देऊ दे," त्या म्हणाल्या आणि पुढची शेणी थापली.

त्या आठवड्यात दीर रोज त्यांच्याजवळ बसायचा. मी ऐकायची. "आये, सांग हप्त्यात बरी झाली म्हणून. एवढंच सांग. मी काय परका हाय?" आत्ती ऐकून घ्यायच्या, लोटा भरायच्या, भिंतीवर ठेवायच्या. मी मनाची तयारी केली होती. आई आहे, मी तरी काय वेगळं केलं असतं, असंही म्हणून बघितलं. पण खरं सांगते, त्या दिवसांत मी त्यांचा राग राग केला.

तारखेला आत्ती वाडीला जाताना नेसायच्या ते हिरवं लुगडं नेसून निघाल्या. पिंजऱ्यात उभ्या राहिल्या तर कठड्यावरून नुसतं तोंड दिसत होतं.

आमच्या वकिलांनी विचारलं, "सुनेचा हात दुखावल्यावर म्हशींची धार कोण काढत होतं?"

"मी."

"किती दिवस?"

"दिवस मला मोजता येत न्हाईत."

दीर हसला. आत्तींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मला पुनव कळती. पुनवंला मी वाडीला जाते. लगीन झाल्यापास्नं एक पुनव चुकली न्हवती माझी. पूर असला तर पाण्याच्या काठावरनं पाया पडून आले. त्या पुनवंला गेलते. दुसऱ्या दिशी सकाळी हिला मारलं. मग फुडची पुनव आली, आन् मी गेले न्हाय."

"का गेला नाहीत?"

"म्हशी कोण पिळणार? हिचा हात अजून गळ्यात."

पुनव ते पुनव. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मान वर केली, आत्तींकडं बघितलं आणि लिहायला लागले.

दिराचे वकील उठले. "घरात दुसरं कोणी नव्हतं का धार काढायला?"

"व्हता की. त्यो काय, बसलाय." आत्तींनी बोट दाखवलं. "म्हटलं हुतं त्येला, एक दिस धार काढ, मी वाडीला जाऊन येते. म्हणला, पैलवान म्हस पिळतो व्हय?"

मागं कुणीतरी हसलं. वकील चिडले. "आजी, तुम्ही आई असून पोटच्या पोराच्या विरुद्ध साक्ष देताय?"

"मी कुणाच्या इरुद्द बोलाय आले न्हाय," आत्ती म्हणाल्या. "धार कुणी काढली इचारलं, ते सांगितलं. काढली ती काढली."

निकाल लागला. आठव्या प्रकारात बसवून साहेबांनी तीनशे पंचवीस शाबित धरलं. पहिलाच गुन्हा म्हणून चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर त्याला सोडलं आणि बजावलं, की परत अंगाला हात लावलास तर सरळ आत. साहेबांनी वाचताना "जबर दुखापत" म्हटलं तेव्हा मी डोळे मिटले. परत एकदा ऐकावंसं वाटलं. व्हरांड्यात पेठेतली निम्मी माणसं होती, त्यांनीही ऐकलं. दीर कुणाकडं न बघता निघून गेला आणि पुढं लग्न करून कागलकडं बायकोच्या माहेरी राहिला. गोठा गोठाच राहिला.

त्या संध्याकाळी कट्ट्यावरून म्हशी आणल्या, बांधल्या. थोरली राहिली होती, तिनं त्या दिवशी कट्ट्यावर पान्हा सोडला नव्हता. मी धार काढायला बसणार तर आत्तींनी मला सरकवलं आणि स्वतः बसल्या. चरवी गुडघ्यांत धरली, पण धार काढायला लागल्या नाहीत.

"त्या तुझ्या कलमात बोट येतं का गं?" त्यांनी विचारलं.

"बोटाचं हाड मोडलं तर येतं की. कुठलंबी हाड."

"नवऱ्यानं मोडलं तर?"

मी त्यांच्या डाव्या हाताकडं बघितलं. दोन वाकडी बोटं सडाजवळ बाहेर राहिली होती. आत सोप्यात सासऱ्यांचा फोटो होता, त्याला मी रोज हार घालत होते.

"तरीबी येतं," मी म्हटलं.

"आन् हे कलम निघालं कवा? आत्ताच्या सरकारनं काढलं?"

मला खोटं सांगावंसं वाटलं. वकिलांनी मला ते पुस्तक केव्हाचं आहे ते सांगितलं होतं. "न्हाय, आत्ती. लई जुनं हाय. तुमच्या जल्माच्या आदीचं."

त्यांनी म्हशीच्या पोटाला कपाळ टेकलं.

"म्हंजे माझ्या येळंलाबी व्हतं," त्या म्हणाल्या. "कुनी सांगितलंच न्हाय."

मग त्यांनी सडाला पाणी लावलं आणि धार काढायला लागल्या.